स्टेनलेसचा कूलर दोन उन्हाळ्यांत गळला, बाबांचा पत्र्याचा एकोणीस वर्षं चालला. असं का?

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बाबांनी २००४ साली नागपूरच्या इतवारी बाजारातून करवून आणलेला जीआय पत्र्याचा कूलर आमच्याकडे एकोणीस उन्हाळे चालला. दर वर्षी पाडव्याच्या आधी ते तो अंगणात ओढायचे, टब खरवडायचे, आतून काळं डांबरी पेंट मारायचे, दोन दिवस उन्हात ठेवायचे आणि मग वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायचे. बाबा गेल्यावर हे काम कुणाच्याने होईना. म्हणून २०२३ साली तो भंगारात दिला आणि स्टेनलेसचा घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, स्टील आहे, याला गंज लागतच नाही."

मागच्या उन्हाळ्यात तळाशी तपकिरी ठिपके दिसले. घासले, गेले. या वर्षी पाणी भरलं आणि सकाळी फरशीवर धार. टब उपसून पाहिला तर कोपऱ्यात क्षाराची पांढरी खपली जमली होती. ती नखाने काढली, खाली मोहरीएवढा काळपट ठिपका. त्यात टाचणी टोचली तर ती आरपार गेली. आणि बोटभर अंतरावर पत्रा आरशासारखा चकचकीत!

कूलरचं काय करायचं ते तर सांगाच, पण मला समजूनही घ्यायचं आहे. लोखंडात नेमकं काय मिसळलं की गंज कमी होतो? आणि मिसळूनही माझ्या कूलरला भोक का पडलं? मी कॉमर्सची आहे, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

मानेवाडा_रिंगरोड

ताई, आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर डुप्लिकेट, नाही चिकटलं तर ओरिजिनल स्टेनलेस.

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

लावलं. पत्र्याला चिकटत नाही. वाकवलेल्या कडेला अगदी किंचित ओढ जाणवते.

फॅब्रिकेशन_हिंगणा

चुंबकावर भरवसा ठेवू नका बाप्पा. मी बावीस वर्षं झाले हेच काम करून रायलो. ४३० नंबरचं स्टील चुंबकाला घट्ट चिकटते, तरी ते खरं स्टेनलेस आहे, हॉटेलवाल्यांचे काउंटर त्याचेच बनतात. अन् स्वस्तातलं दोनशे सिरीजचं चुंबकाला चिकटत नाही, पण गंज लवकर धरते. चांगल्या भांड्यांचं ३०४ सुद्धा वाकवलं, ठोकलं की तेवढ्या जागी थोडं चिकटते. म्हणजे चुंबकाने ग्रेड कळतच नाही.

तुमच्या कूलरचा पत्रा दोनशे सिरीजचाच असंन. त्याची तपासणी स्टीलच्या होलसेलवाल्याकडे होते. एका लहान बाटलीतलं पाणी असते, त्याचा थेंब पत्र्यावर टाकतात आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावतात. मँगनीज जास्त असलं तर थेंब लाल होते. दोन मिनिटांचं काम आहे. कापलेला तुकडा घेऊन जा.

धातू_आणि_मी

ताई, टाचणीची गोष्ट वाचून लिहायला बसलो. मी इथल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातून धातुशास्त्र शिकलो, तेव्हा त्याचं नाव व्हीआरसीई होतं. पुढची सगळी नोकरी गंजाच्याच मागे गेली. जरा लांबण लागेल.

लोखंड हवा आणि पाणी दोन्ही मिळाली की गंजतं. एकटं पाणी किंवा एकटी कोरडी हवा पुरत नाही. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, भेगाळतो, पापुद्रे होऊन सुटतो. खाली पुन्हा ताजं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. साध्या लोखंडाचा रोग हाच की त्याचा गंज त्याच्या अंगाला चिकटून राहत नाही.

क्रोमियमचा ऑक्साइड मात्र चिकटून राहतो. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर त्याचा सलग थर बसतो. हा थर दोन-तीन नॅनोमीटरचा असतो. केसाच्या जाडीचे तीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग, इतका पातळ. दिसत नाही, म्हणून तर पत्रा चमकतो. ओरखडा पडला तरी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की तो थर आपला आपण पुन्हा भरून येतो. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून वेगवेगळी पोलादं करून पाहत होते. त्यातल्या जवळजवळ १३ टक्के क्रोमियमच्या पोलादावर आम्लाचा परिणाम होईना, तिथून चाकू-सुऱ्यांचं स्टेनलेस आलं.

निकेलबद्दल खूप गैरसमज आहे. गंज अडवणारा मुख्य गडी क्रोमियमच. निकेल पोलादाची आतली रचना बदलतं, त्यामुळे पत्रा चिवट होतो, खोल दाबून भांडी काढता येतात, वेल्डिंग बरं होतं. काही आम्लांपुढे टिकाव वाढतो तेही खरं. आपल्या स्वयंपाकघरातलं १८-८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हेच ३०४.

निकेल महाग. म्हणून त्यातलं बरंच काढून मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालतात, ती दोनशे सिरीज. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते दहा. बाजारातल्या सगळ्यात स्वस्त मालात निकेल एक टक्क्याच्या आसपास उरतं. मँगनीज रचना सांभाळतं, म्हणून चुंबक चिकटत नाही आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण मँगनीजची ताकद निकेलएवढी नाही. ती रचना टिकवायची तर क्रोमियमही पंधराच्या आसपास उतरवावं लागतं. थराला जे हवं तेच कमी झालं.

एवढ्यानेही भोक पडायला नको होतं, पंधरा टक्के काही थोडं नाही. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? त्याचा रिपोर्ट असेल तर टाका.

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

बोअरचंच आहे. सोसायटीने मागच्या वर्षी तपासून घेतलं होतं. क्लोराइड लिटरला १२० मिलिग्रॅम, आणि खाली "पिण्यास योग्य" असा शेरा आहे. टब साठ लिटरचा. मे महिन्यात दिवसरात्र मिळून १२० लिटर तरी पाणी टाकावं लागतं.

धातू_आणि_मी

मग चोर सापडला. पिण्यासाठी क्लोराइडची मान्य मर्यादा २५० आहे, त्यामुळे शेरा बरोबरच आहे. पण कूलर पाणी पीत नाही, उडवतो. वाफ जाते आणि मीठ मागे राहतं. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तर हिशेबच मांडू.

टबात ६० लिटर पाणी, लिटरला १२०. दिवसभरात आणखी १२० लिटर टाकलं आणि तेवढंच उडालं. म्हणजे १८० लिटरचं मीठ ६० लिटरात, लिटरला ३६०. टब न उपसता दहा दिवस गेले तर १,२६० लिटरचं मीठ त्याच ६० लिटरात, लिटरला २,५२०. साध्या तापमानाला ३०४ साठी साधारण २०० आणि त्याच्या वरच्या ग्रेडच्या ३१६ साठी १,००० पर्यंत क्लोराइड चालतं असा ठोकताळा आहे. तुमच्या टबाने ३०४ ची मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली. आणि तुमचं तर ३०४ सुद्धा नाही.

क्लोराइड त्या पातळ थरात एखाद्या कमजोर बिंदूवर घुसतं. वर क्षाराची खपली असली की आतल्या चिमूटभर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि थर भरून येत नाही. त्या खड्ड्यात पाणी आम्लधर्मी होतं, आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. बाजूचा सगळा चकचकीत पत्रा शाबूत असतो आणि सगळी झीज त्या एका मोहरीएवढ्या जागेवर येते. म्हणून साधा पत्रा सगळीकडून सावकाश पातळ होतो, आणि स्टेनलेस एका जागी टाचणीसारखं आरपार जातं. याला पिटिंग म्हणतात. तुम्ही खपलीखालचं जे वर्णन केलंत, ते वर्गात फळ्यावर काढून दाखवावं असं आहे.

यावर उतारा मॉलिब्डेनमचा. ३१६ मध्ये ते दोन-तीन टक्के असतं, क्लोराइडपुढे थर टिकवून धरतं. पिटिंगला विरोध किती हे मोजायला आमच्याकडे एक अंक काढतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. यात निकेल नाहीच. बाजारात मात्र भाव निकेलवर ठरतो.

खामला_स्वयंपाकघर

काका, माझ्याकडे चांगल्या कंपनीचं ३०४ चं पातेलं आहे. त्याच्या बुडाशी बारीक बारीक खड्डे पडले आहेत, घासून जात नाहीत. हेच का ते?

धातू_आणि_मी

अगदी हेच. गार पाण्यात मीठ टाकून ढवळलं नाही की मिठाचे खडे बुडाशी बसतात. तेवढ्या जागी मिठाचं प्रमाण जबर होतं, खालून आच लागते आणि पिटिंग होतं. पाण्याला उकळी आल्यावर मीठ टाका आणि लगेच ढवळा. लोणचं किंवा मिठाचं पाणी रात्रभर स्टीलमध्ये ठेवू नका, त्याला आपली चिनी मातीची बरणीच बरी. पडलेले खड्डे जाणार नाहीत, पण पातेलं वापरायला हरकत नाही. आणि स्टीलला लोखंडी तारेची घासणी लावू नका. तिचे कण पत्र्यात रुततात, ते गंजतात आणि आळ भांड्यावर येतो.

फॅब्रिकेशन_हिंगणा

हे कणाचं लाख मोलाचं बोलले सर. आमच्याकडे एका पोराने लोखंडी गेट कापलेलं ग्राइंडरचं चाक तसंच स्टेनलेसच्या रेलिंगवर चालवलं. पंधरा दिवसांत पूर्ण रेलिंगवर लाल पुरळ. पार्टी म्हणे माल खोटा दिला. पिकलिंगची आम्लवाली पेस्ट लावून धुतलं तेव्हा कुठे साफ झालं. तेव्हापासून दोन्ही कामांचे चाकं वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो.

ताई, तुमचं भोक वेल्डिंगच्या टाक्याजवळ आहे का?

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

हो! कोपऱ्यात जिथे दोन पत्रे एकावर एक येऊन जोडले आहेत, त्या गोल डागांच्या ओळीत. तिथे पत्रा जरा निळसर-पिवळाही दिसतो.

धातू_आणि_मी

तो निळसर-पिवळा रंग म्हणजे स्पॉट वेल्डिंगच्या उष्णतेने बिघडलेला थर. त्याच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेलं असतं. शिवाय दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी अडकतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही. पिटिंगला याहून सोयीची जागा नाही.

कार्बनचाही इथे संबंध आहे. पोलाद कणाकणांचं बनलेलं असतं. साधारण ४५० ते ८५० अंशांत ते फार वेळ राहिलं की कार्बन त्या कणांच्या सीमेवर क्रोमियमला बांधून घेतो. सरासरी काढली तर क्रोमियम १८ टक्केच भरतं, पण सीमेवर त्याची उधारी झालेली असते आणि गंज बरोबर त्या सीमेवरून शिरतो. म्हणून जाड वेल्डिंगच्या कामाला ३०४एल घेतात, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नसतो. नाहीतर टायटॅनियम किंवा नायोबियम घातलेलं घेतात, म्हणजे कार्बन त्यांच्याशी जुळतो आणि क्रोमियम मोकळं राहतं. पातळ पत्र्याच्या स्पॉट वेल्डिंगमध्ये उष्णता क्षणभरच लागते, तेव्हा तुमच्याकडे फट आणि तो निळा थरच जास्त नडला असावा.

अजनी_लोको

माझे वडील रेल्वेत वॅगनच्या कामावर होते. त्यांच्या तोंडी कायम "कॉर्टेन" पोलादाचं नाव असायचं. त्यात तर क्रोमियम अगदी थोडं असतं ना? मग ते कसं टिकतं?

धातू_आणि_मी

छान आठवण काढलीत. कॉर्टेन गंज थांबवत नाही, गंजाला वळण लावतं. त्यात तांबं अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास, जरासं निकेल आणि नेहमीच्या पोलादापेक्षा जास्त फॉस्फरस. आधी सगळीकडे तांबूस गंज धरतो. मग भिजणं-वाळणं, भिजणं-वाळणं असं होत राहिलं की लोखंडाला लागून एक घट्ट, गडद तपकिरी थर बसतो आणि पुढची झीज फार मंद होते. अमेरिकेत १९३३ साली हे बाजारात आलं, तेही कोळशाच्या वाघिणींसाठीच.

पण वाळायला मिळालं नाही तर कॉर्टेनचा काही उपयोग नाही. वाघिणीच्या तळाशी ओला कोळसा साचून राहतो, त्यात गंधकही असतं, तिथे तो चांगला थर बसतच नाही. म्हणून पुढे कोळशाच्या बॉक्सएनएचएल वाघिणींना सुमारे ११-१२ टक्के क्रोमियमचं, निकेल जवळजवळ नसलेलं स्टेनलेस आलं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे जाणारी मालगाडी दिसली तर वाघिणींच्या अंगाकडे बघा, जुन्या-नव्यातला फरक लांबूनही कळतो.

रामटेक_रोड

फॉस्फरसवरून दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. आणि एक स्थानिक गोष्ट: आपल्या पेंच नदीकाठी नाईकुंडला उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. म्हणजे लोखंडाशी आपल्या भागाचं नातं अडीच हजार वर्षांहून जुनं. आणि आज मँगनीज खणणाऱ्या मॉइलचं मुख्यालय नागपुरातच आहे, मनसर-गुमगावच्या खाणी आपल्याच जिल्ह्यातल्या. सर, मँगनीज इतकं वाईट असेल तर पोलादवाले ते घेतात कशाला?

धातू_आणि_मी

मँगनीजला मी वाईट म्हणालो असेन तर माझं चुकलं. त्याच्याशिवाय पोलादाचं पान हलत नाही. लोखंडात गंधक राहिलं तर गरम लाटताना पोलाद चिरतं. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक पोलादात ते घालतात. ताकदही वाढवतं. १२-१३ टक्के घातलं तर हॅडफिल्डचं पोलाद होतं, ते जितके घाव बसतील तितकं कठीण होत जातं. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात, तिथल्या क्रॉसिंगचे ओतीव भाग त्याचे असतात. ते झिजत नाही, पण गंजतं, आणि तिथे गंजाची कुणाला फिकीर नसते.

गंजाच्या बाबतीत त्याची एक खोड आहे. गंधकाशी मिळून जे मँगनीज सल्फाइडचे बारीक कण होतात, स्टेनलेसमध्ये पिटिंग बरेचदा त्या कणांपासूनच सुरू होतं. म्हणून चांगल्या स्टेनलेसमध्ये गंधक फार कमी ठेवतात.

दिल्लीचा स्तंभ साधारण १,६०० वर्षांचा. त्यातला फॉस्फरस आजच्या पोलादाच्या कितीतरी पट, पाव टक्क्याच्या आसपास. कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घालता गाळलेल्या लोखंडात तो राहून गेला आणि पृष्ठभागावर फॉस्फेटचा थर बसला. दिल्लीच्या भिजण्या-वाळण्याच्या हवेचीही साथ मिळाली. आज एवढा फॉस्फरस चालणार नाही, पोलाद थंडीत ठिसूळ होतं, आणि पूल-इमारतींना ते परवडत नाही.

बेसा_बांधकाम

माझ्या घराचं काम सुरू आहे. ठेकेदार "सीआरएस", म्हणजे गंजाला तोंड देणारी सळई घ्या म्हणतो, किलोला थोडी महाग. घ्यावी का?

धातू_आणि_मी

त्या सळईत तांबं, क्रोमियम, फॉस्फरस यांचं थोडं प्रमाण असतं, कॉर्टेनच्याच कुळातली. गंज मंदावतो, थांबत नाही. नागपूरला समुद्राची खारी हवा नाही. तुमच्या सळईला खरा धोका बोअरच्या पाण्याचा आणि पातळ कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा. काँक्रीटमधला चुना सळईभोवती अल्कधर्मी वातावरण ठेवतो आणि त्यात साधी सळईसुद्धा सुरक्षित असते. आरसीसीसाठी मिसळायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, हे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येच आहे. आधी पाणी तपासा, कव्हर ब्लॉक नीट लावून घ्या, पाणी मारण्यात कसूर करू नका. एवढं करून पैसे उरले तर तळघर आणि पाण्याच्या टाकीपुरती सीआरएस घ्या.

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

आज इतवारीत तुकडा घेऊन गेले होते. थेंब टाकला, बॅटरी लावली, क्षणात लाल झाला. दुकानातले काका म्हणाले, "कूलरमध्ये सगळे हेच घालतात."

आता मुद्द्याचं. मग बाबांचा जीआय एकोणीस वर्षं कसा टिकला? त्यात तर काहीच मिसळलेलं नव्हतं. आणि हाच स्टेनलेसचा सांगाडा ठेवून आत जीआयचा टब बसवला तर?

फॅब्रिकेशन_हिंगणा

बसते ना. २२ गेजचा टब करून देतो, चार पॉप रिव्हेट मारले की झालं.

धातू_आणि_मी

भाऊ, रिव्हेट नको. स्टेनलेस आणि जस्त ओल्यात एकमेकांना टेकले की जस्त जास्त वेगाने झिजेल. मधे रबराची पट्टी टाका, टब नुसता बसता ठेवा, म्हणजे दर वर्षी बाहेरही काढता येईल.

ताई, तुमच्या बाबांच्या टबाला तिहेरी संरक्षण होतं. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी आतलं लोखंड वाचतं. दुसरं, आपल्या जड पाण्यातला चुना जस्तावर थर धरतो आणि जस्ताची झीज मंदावते. जो क्षार स्टेनलेसला मारतो, तोच जस्ताला बऱ्याच अंशी सांभाळतो. आणि तिसरं, दर वर्षी खरवडून, वाळवून मारलेलं डांबरी पेंट. पाण्याला धातूपर्यंत पोचूच दिलं नाही. ते टब मधून मधून उपसायचेही का?

सक्करदरा_कट्टा (धागाकर्ती)

दर रविवारी. डासांसाठी म्हणून उपसायचे आणि पाणी बागेतल्या पारिजातकाला घालायचे. मीठ साचू नये असं काही त्यांच्या डोक्यात नसेल, पण होत तेच होतं. नव्या कूलरचा टब मी महिना-महिना उपसला नव्हता. स्टीलला काय होतंय, म्हणून.

भाऊ, २२ गेजचा टब करा, रिव्हेट नको, रबराची पट्टी टाका. काळं पेंट मी घेऊन येते, पहिला हात मीच मारेन. शनिवारी येऊ का?

फॅब्रिकेशन_हिंगणा

या. कोपरे वाकवून देतो, टाका तळाला येऊच देत नाही. उपसायला खाली एक नळकांडं अन् बूच बी लावून देतो, म्हणजे बादली-मग्गा नको. पेंटचे दोन हात लागतीन, मधे एक दिवस ऊन पायजे.